चुलीतलं पोलाद

बाबा,

प्रयोगशाळेतली लाइट त्या दिवशी गेली नव्हती. कुठल्याच दिवशी गेली नव्हती. तुम्हाला जाऊन छत्तीस वर्षं झाली आणि एवढं एक वाक्य मला कुणापाशी बोलता आलं नाही, म्हणून ते आधी लिहून टाकते. बाकीचं आता सावकाश सांगता येईल. मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्यांनी भाषणं केली, आणि जवळजवळ प्रत्येक भाषणात ती लाइट गेल्याची गोष्ट होती. मी पहिल्या रांगेत बसून हसत होते. घरी आल्यावर शाल खुर्चीवर टाकली आणि बराच वेळ पंख्याखाली नुसती बसून राहिले. तेव्हापासून रोज दुपारी कागद घेऊन बसते आहे.

मला आधी जिन आठवतं, कापसातून सरकी काढायचा तो कारखाना. मी नऊ-दहा वर्षांची आहे, दिवाळी होऊन गेली आहे, पांढुर्ण्याच्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली आहे आणि आईनं मला तुमचा डबा देऊन पाठवलं आहे. यंत्रं चालवणारे दुसरे, ती बिघडली की बोलावणं तुम्हाला. सगळे तुम्हाला मिस्तरी म्हणतात. आत धूळ इतकी की तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. कापसातली सरकी वेगळी काढण्याआधी तो एका मोठ्या फिरत्या पिंपातून जातो. त्या पिंपाला वीतभर लांबीचे पोलादी दाते आहेत. ते कापसाचे गठ्ठे फोडतात, माती झाडतात. शेतातून आलेल्या कापसात खडे असायचेच. दाता मऊ असला तर महिन्याभरात झिजायचा, आणि फार कडक असला तर खड्यावर आपटून मोडायचा. मोडलेला तुकडा आत लोखंडावर घासला की ठिणगी पडते, आणि कापसाला एक ठिणगी पुरते. त्या वर्षी तशी आग लागली होती. कापूस लोटणाऱ्या एका बाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तुम्ही तिला सायकल-रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि घरी आल्यावर ताटावरून तसेच उठलात. बाहेरून विकत आलेले दाते लावायचे तुम्ही त्यानंतर बंद केले. ट्रकच्या चाकांवरच्या जुन्या कमानपट्ट्या आणायच्या, घरामागच्या भात्यावर तापवायच्या आणि स्वतः दाते घडवायचे, असं तुमचं दर रविवारचं काम सुरू झालं.

त्याच हिवाळ्यात मी कंदिलाची काच फोडली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, आपोआप फुटली. तुम्ही रागावलात असं नाही, पण मला समोर बसवलंत. “आपोआप काई फुटत नाई,” तुम्ही म्हणालात. “कोनीतरी काईतरी केलं असते. काय केलं थे सांग.” मी रडत रडत सांगितलं की काच गरम होती आणि मी ओल्या फडक्यानं पुसली. “मंग असं म्हन ना. म्हनजे पुढच्या खेपेले समजन.” पुढे मी ज्याला संशोधन म्हणायला शिकले त्यात याहून फारसं जास्त काही नव्हतं. काय केलं ते सांगायचं, म्हणजे पुढच्या माणसाला समजेल.

नागपूरला धातुशास्त्र घेऊन इंजिनिअर झाले तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते. ब्याऐंशी साली पीएचडीसाठी इथं दक्षिणेत आले. पांढुर्ण्याच्या फलाटावर तुम्ही गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होतात आणि आई सारखी विचारत होती की तिकडे भाकर मिळते का. इथल्या संस्थेत पहिल्याच दिवशी एक फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापुढे मी पेन धरून थांबले. शेजारच्या टेबलावर एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता की यंदा राखीव जागांवरून कोण कोण आलंय ते चेहऱ्यावरून ओळखता येतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी रकान्यात लिहिलं: अभियंता, वस्त्रोद्योग. ते पहिलं खोटं, बाबा. अगदी लहान होतं. पण त्यानंतर कुणी घरची चौकशी केली की त्याला धरून बोलावं लागायचं, आणि बोलता बोलता तुम्ही एका मोठ्या गिरणीत खुर्चीवर बसणारे साहेब होऊन गेलात.

दुसऱ्या वर्षी मी पत्रात लिहिलं होतं की भट्टीतून नमुना काढायचा इथला चिमटा आखूड आहे आणि माझं मनगट पोळलं. उन्हाळ्यात घरी आले तर तुम्ही चिमटा करून ठेवला होता, हातभर लांब, टोकं आत वळलेली, धरायच्या जागी सुतळी गुंडाळलेली. तुम्ही माझा हात पसरून त्यावर तो ठेवून बघितलात आणि सुतळीचे दोन वेढे कमी केलेत. तो चिमटा आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी वापरला. माझ्या सरांनी एकदा तो उचलला, उघडझाप करून पाहिला आणि विचारलं, “हा कुठून आणलास? फार विचार करून केलेला आहे.” सर चांगले होते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला आणखी दोन करायला सांगितले असते. मी म्हणाले, “नागपूरच्या बाजारात मिळाला, सर.”

माझा विषय तुम्हाला एकदा समजावून सांगितला होता. ट्रकच्या कमानीचं पोलाद शेतीच्या पात्यांसाठी, यंत्रांच्या दात्यांसाठी वापरता येईल का, झिजणार नाही आणि तुटणारही नाही असं ते करता येईल का. तुम्ही हसलात आणि म्हणालात, “येवढ्याच्यासाठी तुले येवढ्या दूर जा लागलं?” मला तेव्हा ते थोडं लागलं. तुम्ही दर रविवारी भात्यावर तेच करत होता हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या दृष्टीनं ते मिस्तरीकाम होतं. दोन वर्षं माझे नमुने तुटत होते. आमच्याकडे एक जड लंबक असतो, तो वरून सोडला की खाली धरलेल्या नमुन्यावर घण बसल्यासारखा आदळतो, आणि तुटायला किती जोर लागला ते मोजता येतं. माझे नमुने काचेसारखे तुटायचे. सरांनी मला दुसरा विषय घेण्याबद्दल दोनदा सुचवलं होतं. पंचाऐंशीच्या डिसेंबरात मी सुट्टी घेऊन घरी आले ती जवळजवळ परत न जाण्याच्या विचारानं. तुम्हाला ते सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते दिसलं असावं.

तो रविवार मला तासातासानं आठवतो. सकाळची वेळ आहे. आईच्या भाकरी झाल्या आहेत, चुलीत कापसाच्या पऱ्हाटीचे निखारे विझत आले आहेत. तुम्ही मागच्या अंगणात भाता चालवता आहात, मी उंबऱ्यावर वही घेऊन बसले आहे. दाता लाल होतो, तुम्ही तो जवसाच्या तेलात बुडवता, आणि तेल अजून धूर सोडत असतानाच बाहेर काढता. मग तो चिमट्यात धरून भरभर स्वयंपाकघरात येता आणि चुलीतल्या राखेत पुरता. आई कुरकुरते, “वांगं भाजाचं होतं मले त्यात.” तुम्ही म्हणता, “दुपारून भाज.”

मी म्हणाले, “बाबा, तेलात पूर्ण थंड होऊ द्या की. मधेच काढलं तर पोलाद नीट कडक होत नाही. पुस्तकात तसंच आहे.”

“पुस्तकातले तुटून नाई राह्यले का तुह्ये?” तुम्ही मान वर न करता म्हणालात.

तुम्ही खिशातून कापसाचा एक पुंजका काढला आणि राखेवर ठेवला. तो हळूहळू बदामी होत गेला. “पाह्य,” तुम्ही म्हणालात. “काया झाला तं राख जास्त गरम. पांढराच राह्यला तं ठंडी. असा झाला पाह्यजे. हे तुह्या मायनं सांगतलं मले. तिले राखेतलं समजते, मले लोखंडातलं.” आई वाळलेल्या मिरच्या निवडत होती, तिनं वर बघितलं नाही, पण तिला बरं वाटलं हे दिसत होतं. मी वहीत लिहायला लागले तर तुम्ही वही बाजूला सारलीत. “लिहून काय राह्यली? पयले हात लाव. एक दाता तू कर. मंग लिह्य.” माझ्या हातून पहिले दोन बिघडले, तेलातून काढायला एकदा उशीर झाला, एकदा घाई झाली. तिसरा तुम्ही चुलीतून दुपारी काढलात, ऐरणीच्या काठावर ठेवून त्यावर घण मारलात, आणि माझ्याकडे दिलात. तो वाकला होता. मोडला नव्हता.

चार दाते मी बरोबर नेले, संत्र्यांच्या करंडीत तळाशी ठेवून. इथं आल्यावर त्यांचे नमुने कापले, लंबकाखाली धरले. लंबक आदळला आणि नमुना वाकून तसाच राहिला. मी ती चाचणी तीन वेळा करून पाहिली. मग घासून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाबा, तुम्हाला ते कधी दाखवता आलं नाही. पोलादाच्या आत बारीक बारीक काड्यांचे जुडगे होते, आणि त्यांच्यामध्ये मऊ धातूचे पातळ थर, सारवलेल्या भिंतीत कडबा दिसतो तसे. घाव बसला की तो मऊ थर घाव सोसत होता. राखेतल्या त्या चार तासांत हे होत होतं. मी दिवसभर त्या काचेला डोळा लावून बसले होते. तुम्ही किती वर्षं हे करत होता, न बघता.

मग मी तीच कृती इथल्या भट्ट्यांमध्ये केली, मोजून, घड्याळ लावून, आणि आठवड्यानं सरांना माझे नमुने दाखवले. सर उभे राहिले. त्यांना आनंद झाला की ते उभे राहत. “अर्ध्यात तेलातून काढायचं तुला सुचलं कसं?” त्यांनी विचारलं.

त्या एका क्षणात मी काय काय बघितलं ते सांगते. गिरणीतले साहेब, फॉर्ममधला अभियंता, नागपूरच्या बाजारातला चिमटा. एक खरं बोलले असते तर तीन खोटी उघडी पडली असती. आणि त्याच्या मागे आणखी एक भीती होती: लोक म्हणतील, हिची जागाही हिची नाही आणि आता शोधही हिचा नाही. मी म्हणाले, “सर, लाइट गेली होती. नमुना तेलात होता. अंधारात घाईनं काढला आणि चुकून दुसऱ्या कमी गरम भट्टीत ठेवला. तिथंच राहून गेला.”

सर मोठ्यानं हसले. म्हणाले, “मेहनत करणाऱ्यालाच अशा चुका लाभतात.” त्यांनी ती गोष्ट चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितली. संध्याकाळपर्यंत ती पूर्ण विभागाला माहीत होती. नंतर जो लेख छापून आला त्यात योगायोगानं झालेलं निरीक्षण असे शब्द आहेत. ते शब्द माझे आहेत, सरांनी घातलेले नाहीत. तुमची मुलगी जगाला सांगत होती की ते आपोआप झालं.

सत्त्याऐंशीत प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून एक वृद्ध परीक्षक आले होते, पोलाद कारखान्यात उमेदवारीपासून वर चढलेले, बोटं तुमच्यासारखी जाड. त्यांनी अवघड प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाले, “आमच्या गावचा लोहार कोयते राखेत पुरून ठेवायचा. का, ते मला कधी कळलं नाही. तुमचं वाचताना तो आठवला. तुमच्या भागात असं कुणी करताना पाहिलंय का तुम्ही?”

ते थांबले. मला वाटतं त्यांना उत्तर हवं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, पकडायचा भाव मुळीच नव्हता. दार उघडून बाजूला उभं राहावं तसे ते थांबले होते.

“नाही, सर,” मी म्हणाले.

“शोधायला हवं,” ते म्हणाले. “अशी माणसं अजून असतील.”

“हो, सर.”

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. त्यात सर आहेत, भट्टी सांभाळणारे सहायक आहेत, टंकलेखक आहेत, वसतिगृहातली मैत्रीण आहे. शेवटी एक ओळ आहे: आईवडिलांच्या आशीर्वादाबद्दल. आशीर्वाद असं लिहिलं मी, बाबा. प्रत घरी आणली तेव्हा तुम्ही हात धुऊन ती मांडीवर घेतलीत. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, पण आकडे येत होते आणि चित्रं कळत होती. पानं उलटत तुम्ही त्या भट्ट्यांच्या तापमानाच्या आलेखापाशी थांबलात, जिथं रेघ खाली येते, मधेच आडवी होते आणि बराच वेळ आडवीच राहते. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत. बोट आडव्या रेघेवर जरा थांबलं. मग तुम्ही प्रत आईकडे दिलीत आणि ती कपाटात वरच्या फळीवर गेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पांढुर्ण्यात माझ्या शाळेनं सत्कार ठेवला. मी मराठीत बोलले. हॉलमध्ये मुलं खाली बसली होती, पालक खुर्च्यांवर, तुम्ही मागे उभे होतात तर मुख्याध्यापकांनी तुम्हाला हाताला धरून पुढे आणून बसवलं. पांढरा स्वच्छ सदरा, गुडघ्यांवर हात. आई तुमच्या शेजारी, रामाकोन्याहून मामी आली होती तीही. शेवटी एका शिक्षकांनी विचारलं, शोध कसा लागला ते मुलांना सांगा. मी तिथं वेगळं सांगू शकत होते. तिथं मला ओळखणारं इथलं कुणी नव्हतं, फॉर्म नव्हता, सर नव्हते. पण ती गोष्ट तोवर इतकी तोंडात बसली होती की ती आपणच बाहेर आली. लाइट गेली, अंधार झाला, मी चाचपडत नमुना काढला. मुलं हसली. मी मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तुम्हीही वाजवल्यात.

घरी आपण पायी आलो. संत्र्यांच्या बाजारात पेट्या ठोकायचं काम चाललं होतं. आई आणि मामी पुढे, आपण दोघं मागे. बाजार मागे पडल्यावर तुम्ही विचारलंत, “तिथंबी लाइट जाते का?”

“जाते कधी कधी,” मी म्हणाले.

“बरं. मले वाटलं, मोठ्या शहरात जात नसन.” थोडं चालून पुन्हा म्हणालात, “चांगली बोलली तू. मांगच्या लोकायलेबी आयकू गेलं.”

त्या रस्त्यावर मला बोलता आलं असतं. रेल्वे फाटकापाशी गाडी जाईपर्यंत आपण पाच मिनिटं उभे होतो. मालगाडी लांब होती. मी डबे मोजत राहिले.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. तार मिळून मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून लोक घरी आले, जिनातले कामगार आले, आणि उशिरा सौसरच्या जिनातले एक मिस्तरी आले. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाच्या गर्दीमुळे बस मिळाली नाही म्हणून बरंच चालत आले होते. पाणी पिऊन ते माझ्यासमोर बसले. “ताई,” ते म्हणाले, “तुमच्या राखेच्या तरकिबीनं आमच्याकडचे दाते दोन सिझन टिकून राह्यले. मिस्तरी मुद्दाम सौसरले येऊन शिकवून गेले. सगळ्यायले सांगत, हे माह्या पोरीनं शोधून काढलं, मोठ्या भट्टीत करून पाह्यलं, मंग आपल्यासाठी चुलीतलं सोपं करून देल्लं.”

खोलीत पंधरावीस माणसं होती. सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. आई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती आणि तीही बघत होती.

मी म्हणाले, “टिकतात ना, मग छान.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे बसली होती, मी तिच्या मागे भांडी पुसत होते. तिनं पाठ न वळवता विचारलं, “थे सौसरवाले काय म्हनत होते, आयकलं ना तू?”

“हो.”

“मंग बोलली काहून नाई?”

मी पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. ती म्हणाली, “त्याईले लागलं नाई असं नाई. शाळेतून आले तवाच म्हने मले, पोरगी लाइटीचं सांगून राह्यली होती. मी म्हनलं, तुमी इचारलं नाई का तिले? तं म्हने, तिथं तिले काय काय सांगा लागत असन, आपल्याले का मालूम. तिचं बोलनं आपुन खोटं काहून पाडाचं? अन् दुसऱ्या दिवसापासून जिनात सांगाले लागले, हे पोरीनंच काढलं म्हनून.”

ती एवढंच बोलली आणि निखारे पुढे ओढले. त्यानंतर पंधरा वर्षं ती जगली, त्यातली काही माझ्याकडे राहिली, पण हा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी तिच्यासमोर ती गोष्ट कधी सांगितली नाही, एवढीच काय ती माझी लाज.

मी त्या सकाळी तुमचा विचार करत होते असं लिहावंसं वाटतं. खरं असं की मला आधी सुटल्यासारखं झालं. तुम्ही स्वतःच ते माझ्या नावावर केलं होतं, आता गावातूनही कुणी येऊन काही म्हणणार नव्हतं. सुटकेची ती भावना किती वेळ टिकली ते सांगता येणार नाही, पण ती आली होती. तिच्यामागून दुसरं आलं आणि ते अजून गेलेलं नाही. तुम्ही मला कंदिलाच्या काचेबद्दल खरं बोलायला लावलं होतं, आणि इथं माझं खोटं खरं ठरावं म्हणून स्वतः गावोगाव खोटं बोलत फिरलात. सौसरपर्यंत बसनं जाऊन. त्या वयात.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी इथंच नोकरीला लागले, प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. त्या पोलादावर आणखी बरंच काम केलं आणि ते काम माझं होतं, ते मी मनापासून केलं. रात्रंदिवस केलं असं लोक म्हणतात त्यात खोटं नाही. कधी वाटायचं, एवढं काम केलं की ती सुरुवात भरून निघेल. पण दर वर्षी नव्या मुलांसमोर पहिल्या तासाला ती गोष्ट यायचीच. ती वाढतही गेली. आधी नुसता अंधार होता. मग त्यात मेणबत्ती आली. काही वर्षांनी बाहेर वादळ आलं. एकदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, भट्टीला तर लाइट गेल्यावरही धग असते ना, मग अंधारात दोन्ही सारख्याच वाटल्या असतील?” फार चांगला प्रश्न होता. मी तिचं कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीपासून गोष्टीत तेही घातलं.

मी स्वतःला पूर्वी सांगत असे की तो फॉर्म, तो शेजारच्या टेबलावरचा मुलगा, तो काळ, यांनी मला खोटं बोलायला लावलं. ते अगदीच चूक नाही. मी घाबरले होते आणि घाबरायला कारण होतं. पण भीती काही चाळीस वर्षं पुरत नाही, बाबा. विभागप्रमुखाच्या खुर्चीत मला कोण काय म्हणणार होतं? उलट माझ्यासारख्या घरातून आलेली मुलंमुली माझ्यासमोर बसत होती, फॉर्म भरताना पेन अडखळणारी. त्यांना मी तुमच्याबद्दल सांगितलं असतं तर त्यांनी काय काय घरून आणलं असतं कोण जाणे. मी त्यांना वादळ आणि मेणबत्ती दिली.

निवृत्तीच्या पुस्तिकेसाठी विभागानं माझ्याकडे एक पान मागितलं: तो दिवस तुमच्या शब्दांत. मला वाटलं, हीच वेळ. आठ दिवस हातात होते. आठव्या दिवशी मी तेच लिहून दिलं, मेणबत्तीसकट. ते छापून आलंय. परवा लेख छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायला बसले, इंग्रजीत. त्या जुन्या लेखात दुरुस्ती करावी म्हणून. माझ्या वडिलांनी, असं लिहिलं आणि पुढच्या क्रियापदाशी अडले. सुचवलं लिहू की शिकवलं? दोन्ही शब्दांत मी मधे येते. तुम्ही ते केलं होतं, मी उंबऱ्यावर बसून बघत होते. तेवढं साधं वाक्य मला लिहिता आलं नाही, आणि कागद बाजूला ठेवून मी हा घेतला.

हा मराठीत लिहिला, कारण तुम्हाला मराठीच वाचता येत होतं, तेही ओळीवर बोट ठेवून. असं मी सुरुवातीला स्वतःला सांगितलं. दुसरंही एक कारण आहे. इथं विभागात, शेजारीपाजारी, घरी येणाऱ्याजाणाऱ्यांत मराठी वाचणारं एकही माणूस नाही. गेले तीन दिवस हे कागद जेवणाच्या टेबलावर उघडेच पडले आहेत आणि मी ते झाकलेले नाहीत.